विश्वास तुमचा, हाडं आमची

हिसानो ओचीला धर्म नव्हता. हे ती स्वतःच सांगायची, आणि ठणकावून सांगायची. मागे विद्यापीठातली एक मुलगी प्रश्नांचा कागद घेऊन उरानोहामात घरोघर फिरत होती. 'तुमचा धर्म कोणता?' या प्रश्नापुढे हिसानोने 'कोणताही नाही' या चौकटीत ठसठशीत खूण केली. त्याआधी मात्र तिने त्या मुलीला दहा मिनिटं पडवीत ताटकळत ठेवलं होतं, कारण पितरांचा चहा व्हायचा होता.

रोज सकाळी उठलं की ती आधी उंच फळीवर कामींसाठी, म्हणजे शिंतो देवांसाठी, पाणी, मीठ आणि तांदूळ ठेवायची, दोन टाळ्या वाजवून मान लववायची. मग त्याच खोलीतल्या पितरांच्या देव्हाऱ्याची काळी दारं उघडून गेलेल्यांच्या नावांच्या लाकडी पाट्यांपुढे गरम भात आणि चहा ठेवायची, उदबत्ती लावून घंटा वाजवायची. कोपऱ्यावरच्या दगडी जिझोच्या, म्हणजे पोराबाळांच्या राखणदाराच्या, गळ्यातलं लाल लाळेरं मळलं की धुऊन आणायची. नव्या वर्षाला टेकडीवरच्या देवस्थानात रांगेत उभी राहायची आणि नाताळला स्ट्रॉबेरीचा केक आणायची. गुडघा दुखायला लागला तर सगळीकडेच सांगून ठेवायची, कोणाला कधी सवड असेल ते सांगता येत नाही म्हणून. एवढं करून बाईंना धर्म नव्हता. आमच्या उरानोहामात तो कुणालाच नसतो. धर्म म्हणजे टीव्हीच्या बातम्यांत दाखवतात तो, ज्याच्यापायी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. आपण करतो ती नुसती रीत.

सत्त्याहत्तर वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पुढेही चाललं असतं, पण गेल्या शरदात तिचा नवरा शिगेझो वारला. एकोणपन्नासाव्या दिवशी त्याची दहनानंतर उरलेली हाडं बुद्धाच्या मंदिरामागच्या ओची घराण्याच्या दगडाखाली गेली आणि पाथरवटाने रीतीप्रमाणे नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचंही नाव कोरून टाकलं. गेलेल्यांची नावं साधी, मागे राहिलेल्याचं लाल रंगात. मागचा माणूस गेला की लाल रंग खरवडून काढायचा, एवढंच काम उरतं. हिसानोने दगड पाहिला. वरून खाली एकाच ओळीत सासऱ्यांचे आईवडील, सासरे, सासूबाई किकुए, शिगेझो, आणि सगळ्यांत शेवटी ती स्वतः, लालचुटुक. त्या दिवशी तिला पहिल्यांदा नीट उमजलं, की मेल्यानंतरही तिला सासूच्याच घरात नांदायचं आहे.

किकुएबाईंनी सुनेवर कधी आवाज चढवला नाही. त्यांना गरजच पडली नाही. हिसानोने केलेल्या मिसोच्या सारातला एक घोट घ्यायच्या, वाटी हळूच खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "असते हो, घरोघरची चव वेगळी असते." इस्त्री केलेले कपडे पुन्हा इस्त्री करायच्या, तेही हिसानोच्या देखत, हसतमुखाने. नातू झाला तेव्हा बाळाला उजेडात धरून म्हणाल्या, "नाक आमच्याकडचं आहे, नशीब." अशी सत्तावीस वर्षं. सासूबाई गेल्या तेव्हा हिसानो चारचौघींत रडायला हवं तेवढं रडली, आणि घरी येऊन तिने आपल्याला हवं तेवढं खारट सार केलं. त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली होती. सुटका झाली, असं ती समजून चालली होती.

शिगेझो गेला त्या तारखेला, दर महिन्याच्या चौदाव्या दिवशी, मंदिरातले गेन्शूबुवा झगा सावरत स्कूटरवरून यायचे आणि देव्हाऱ्यापुढे सूत्र म्हणून जायचे. फेब्रुवारीत हिसानोने त्यांच्यापुढे संत्री ठेवली आणि विषय काढला.

"बुवा, दगडाखाली बरण्या ओळीनं ठेवतात ना? माझी जरा कोपऱ्यात सरकवता येईल?"

"बरण्या टोकियोकडे, आजी. आपल्याकडे कापडाची पिशवी." बुवा संत्रं सोलत होते. "पिशवी कुजते, हाडं मातीत मिसळतात, आजा-पणजा, सासू-सून सगळे एक होऊन जातात. किती सुंदर आहे बघा!"

हिसानोला त्यात तिळमात्र सौंदर्य दिसलं नाही. "म्हणजे ह्यांची कुठली आणि माझी कुठली, हेसुद्धा कळणार नाही?"

"तेच तर! मेल्यावर कसली सासू आणि कसली सून?"

"तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखत नाही, बुवा. त्या मातीतही म्हणतील, असते हो, घरोघरची हाडं वेगळी असतात."

बुवा हसले आणि दुसरं संत्रं सोलायला घेतलं. मग ती टेकडीवरच्या देवस्थानात गेली. तिथले पुजारी मिझोबुची दिवसा नगरपालिकेच्या पाणी खात्यात बसायचे आणि संध्याकाळी कामींकडे. त्यांनी हात जोडून सांगितलं, की जन्म, बारसं, नवी गाडी, परीक्षा, काहीही घेऊन या. मरण तेवढं आणू नका, कामींना विटाळ चालत नाही. दोन्ही दारं बंद झाली. आता आपण मरावं तरी कुठे, या चिंतेने हिसानोची झोप उडाली.

वाट दाखवली ती शेजारच्या मात्सुयोने. मात्सुयोच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे गावातल्या सगळ्या गोष्टी तिला ठाऊक असत, मेलेल्यांच्यासुद्धा. "अगं, चर्चचं बघ की. त्यांचं वरच्या संत्र्यांच्या मळ्यापाशी आहे. समोर समुद्र. आणि आत काय, फळ्या! प्रत्येकाची आपापली बरणी, वर झाकण, बाहेर नावाची चिठ्ठी. कुणी कुणात मिसळत नाही."

"झाकण घट्ट असतं?"

"ते काही मी उघडून नाही बघितलं बाई."

पुढच्या रविवारी हिसानो चर्चमध्ये हजर. अकरा माणसांच्या चर्चमध्ये बारावं माणूस आपल्या पायांनी चालत आलं, हे पाहून पास्टर नागाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. नागाई चौतीस वर्षांचा, किडकिडीत आणि अतिशय प्रामाणिक माणूस होता, आणि अशांशी बोलणी करणं फार जड जातं. हिसानोला मात्र तिथलं सगळंच आवडलं. गाणी आवडली, नंतरची कॉफी आवडली. वधस्तंभावरच्या त्या माणसाचीही तिला मनापासून दया आली. दोन महिन्यांनी तिने बाप्तिस्म्याचं नाव काढलं, तेव्हा पास्टरांनी तिला समोर बसवलं.

"ओचीबाई, येशूवर विश्वास आहे?"

"आहे की. भला माणूस. आईला फार सोसावं लागलं त्याच्यापायी, पण ते मुलांचं असतंच."

"आणि फक्त त्याच्यावरच?"

हिसानो गोंधळली. "का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

पास्टरांनी एक दीर्घ श्वास घेतला. "असं बघा. माणसाला नवरा एकच असतो ना? एकाच वेळी तीन घरी संसार थाटता येईल का?"

"छे, एकातच कंबरडं मोडतं. पण पास्टरसाहेब, नवऱ्याचे डबे करावे लागतात. देवांचं तसं नसतं. घोटभर पाणी दिलं की पुरे. आणि ते एकमेकांची चौकशीसुद्धा करत नाहीत. सत्त्याहत्तर वर्षांत कामींनी एकदा विचारलं नाही मला, बुद्धाकडे काय बोललीस म्हणून."

"आमचा देव विचारतो," पास्टर म्हणाले.

"हो का," हिसानो म्हणाली. असा चौकस देव तिला नवीन होता.

मग पास्टरांनी अटी सांगितल्या. कामींची फळी उतरवायची. ताईत, गंडे मंदिरात परत करायचे. पितरांचा देव्हारा घरातून काढायचा.

"आणि शिगेझोंची पाटी?"

"ती लाकडाची आहे, ओचीबाई."

"ठाऊक आहे. रोज मीच पुसते."

"मग रोज सकाळी चहा देता तो कुणाला?"

हिसानो उठून घरी आली आणि देव्हाऱ्यापुढे बसून राहिली. बावन्न वर्षांच्या संसारात ती शिगेझोशी जेवढी बोलली नव्हती तेवढी गेल्या काही महिन्यांत बोलली होती, कारण आता त्याच्या तोंडापुढे वर्तमानपत्र नसायचं. गाजरं महागली, मात्सुयोने नवा दात बसवला, सगळं ती त्याला सांगायची. ते आता बंद करायचं होतं. इकडे नवऱ्याचा चहा, तिकडे त्याच्या आईबरोबर एका मातीत जन्मोजन्म. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर आपली हाडं घेऊन ती उभी.

तिने ओसाकाला मुलाला, तोशिमित्सूला, फोन लावला.

"आई, या वयात बाप्तिस्मा? लोक काय म्हणतील! आपण बुद्धाचे आहोत."

"तुझं लग्न कुठल्या धर्मात झालं रे?"

"हॉटेलात."

"तिथं तो उंच गोरा पास्टर होता, क्रूस घातलेला."

"तो पास्टर नव्हता, आई. इंग्रजी शिकवायचा. शनिवार-रविवार तेवढं लग्नांचं काम करायचा. ते वेगळं."

वेगळं कसं, हे त्याने सांगितलं नाही आणि हिसानोनेही विचारलं नाही.

तरीही बाप्तिस्मा जूनमध्ये ठरला. त्याआधी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारी तीन वाजता पास्टर घर बघायला येणार होते. फळी उतरली का, देव्हारा निघाला का, हे बघायला. हिसानोने यातलं काहीच केलं नव्हतं. पण पाहुणा येणार तर त्याला टोचेल असं काही समोर नको, एवढी रीतभात तिला होती. तिने देव्हाऱ्याची दारं बंद केली. राहिले कामी. ते उघड्या फळीवर बसतात, त्यांना दारं नाहीत. त्यांच्यासमोर पास्टर म्हणणार, की हे सगळं खोटं आहे; कामींना काय वाटेल? घरात कामींच्या नजरेला पडू नये असं काही घडलं की काय करायचं, ते आईने तिला लहानपणीच शिकवलं होतं. तिने कोरा पांढरा कागद घेतला आणि फळीच्या पुढून चिकटपट्टीने लावून टाकला. मग घरात केक नाही हे आठवलं म्हणून छत्री घेऊन ती बाजारात गेली. दार अर्थातच उघडं टाकून.

आमच्याकडे कामींच्या फळीवर पांढरा कागद एकाच कारणासाठी लावतात, आणि ते कारण म्हणजे घरातलं माणूस जाणं. हे उरानोहामातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हिसानोलाही ठाऊक होतं, पण त्या दिवशी ती कामींच्या मनाचा विचार करत होती, शेजाऱ्यांच्या नाही.

सव्वादोन वाजता मात्सुयो पाणीपट्टीची सूचना द्यायला पडवीतून आत डोकावली. घरात हाक ऐकायला कुणी नाही, देव्हाऱ्याची दारं बंद, आणि फळीवर पांढरा कागद. घरात माणूस एकच राहत होतं. मात्सुयोने हंबरडा फोडला आणि ती गल्लीभर धावत सुटली. मेलेल्या बाईच्या घरात कागद लावला कोणी, हा प्रश्न पुढच्या पाऊण तासात एकालाही पडला नाही. देह दिसत नाही म्हणजे दवाखान्यात नेला असणार, हे सर्वांनी आपसूकच ठरवून टाकलं.

हिसानो तीनला पाच कमी असताना परतली, तेव्हा दारात चपला-बुटांचे दहा जोड होते. पास्टरसाहेब एवढी माणसं घेऊन आले की काय, आणि केक पुरेल का, या विचाराने ती दारातच थबकली. आतून सूत्राचा आवाज येत होता. तो थांबला आणि पास्टर नागाईंचा आवाज आला.

"महाराज, थांबा. ओचीबाईंचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात ठरला होता."

"ठरला होता, म्हणजे झाला नव्हता," गेन्शूबुवा शांतपणे म्हणाले.

"मनाने झाला होता!"

"मग मनाचं तुम्ही घ्या. माझी काही हरकत नाही, मी स्वतः तुमच्याच बालवाडीत शिकलो, नाताळच्या नाटकात मेंढरू व्हायचो. विश्वास तुमचा, हाडं आमची. दगडावर नाव कोरून झालंय."

"त्यांना तिथं जायचं नव्हतं! त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं."

"आजी मलाही सांगायच्या. सगळ्याच सुना सांगतात हो. पण शेवटी येतात."

कोपऱ्यात वाडीतल्या बायका एप्रन बांधून भाताचं मोठं भांडं घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "ते काय ते लवकर ठरवा बाई. भाताचे गोळे वळायचे, का चर्चवाल्यांना सँडविच लागतात?"

"मुलालाच विचारू," मात्सुयो नाक ओढत म्हणाली. तिने फोन लावून आवाज मोठा केला. ओसाकाहून तोशिमित्सू घोगऱ्या आवाजात बोलला. त्याला बातमी आधीच कळलेली होती.

"हो, हो. रडायलाही सुचत नाहीये मला. मंदिर की चर्च? आमचं काहीच म्हणणं नाही. तुम्हाला जे सोपं पडेल ते करा. फक्त... शनिवारपर्यंत आटपेल ना? सोमवारी ऑफिसात हजर व्हायचंय."

हिसानोच्या हातातली केकची पेटी जड झाली. सत्त्याहत्तर वर्षांत तिने कुणाला दुखवू नये म्हणून कुठला देव चुकवला नव्हता, आणि इथे तिच्या माघारी दहाजण बसून तिची वाटणी करत होते. पोटचा पोरगा तर ती शनिवारच्या आत उरकून मागत होता. तिला रडू आलं नाही, संताप आला. ती तशीच आत शिरली.

"शनिवारी मला वेळ नाही," ती म्हणाली.

मात्सुयोने किंकाळी फोडली. भाताचं भांडं कलंडता कलंडता राहिलं. फोनमधून तोशिमित्सू "कोण बोललं? कोण बोललं?" असं ओरडत होता, तो हिसानोने बंद केला.

"आजी," गेन्शूबुवांच्या हातातली माळ लोंबत राहिली, "तुम्ही गेलात ना?"

"केक आणायला गेले होते."

"मग हा कागद?" मात्सुयो फळीकडे बोट दाखवून किंचाळली. तिला मैत्रीण जिवंत असल्याचा आनंद झाला होता, पण आपली बातमी खोटी ठरल्याचं दुःखही काही कमी नव्हतं.

"पास्टरसाहेब येणार होते. ते काहीबाही बोलणार. कामींच्या कानावर कशाला, म्हणून लावला."

पास्टर नागाईंनी कागदाकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे. बुवांनी दारं उघडली होती आणि आत शिगेझोच्या पाटीपुढे सकाळचा चहा गार झाला होता. पास्टरांचा चेहरा पडला.

"म्हणजे तुम्ही मला फसवणार होतात, ओचीबाई."

"तुम्हाला नाही हो," हिसानो कळवळून म्हणाली. "त्यांना."

पास्टरांच्या देवशास्त्राच्या शाळेत हा धडा बहुतेक नव्हता. हिसानोने केकचे अकरा तुकडे केले. दहा जणांना दहा दिले आणि अकरावा, कुणाच्याही लक्षात येण्याआधी, हात सवयीने देव्हाऱ्यात ठेवून आला. पास्टरांनी ते पाहिलं. तिनेही त्यांनी पाहिलेलं पाहिलं. गेन्शूबुवा मात्र मान खाली घालून क्रीम खात होते. त्यांना मिळालेल्या तुकड्यावर स्ट्रॉबेरी होती.

जाताना पास्टर दारात घुटमळले. "ओचीबाई, मी नियम बदलू शकत नाही. पण तुम्ही ज्या जागेसाठी एवढं करताय, ती एकदा डोळ्यांनी बघून घ्या. मग काय ते ठरवा."

मंगळवारी सकाळी दोघं मळ्याच्या वाटेने वर गेली. संत्र्यांची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती आणि वास एवढा, की हिसानोला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. समुद्र मात्सुयोने सांगितला होता तसाच समोर होता. छोटीशी दगडी खोली, वर क्रूस, पुढे लोखंडी दार. पास्टरांनी कुलूप काढलं. आत तीन फळ्या आणि त्यांवर तीस-बत्तीस पांढऱ्या बरण्या, एकमेकींपासून चार-चार बोटं अंतरावर. हिसानोने पहिल्या बरणीच्या झाकणावर बोट टेकवून पाहिलं. घट्ट होतं. तिच्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं.

"तुमची जागा ही," पास्टरांनी मधल्या फळीवरचा मोकळा भाग दाखवला. "या बाजूला कुणी नाही. त्या बाजूला एक लहान बरणी आहे, माझ्या आधीच्या काळातली. पूर्ण हाडं नाहीत त्यात, वाटून आणलेली आहेत." ते चिठ्ठी वाचायला वाकले. "नाव... ओची. ओची किकुए. तुमच्या नात्यातल्या का?"

"सासूबाई," हिसानो म्हणाली आणि जवळच्या पायरीवर बसली.

पास्टरांनी चर्चची जुनी वही पिशवीतून काढून पानं उलटली. किकुए ओची, बाप्तिस्मा अमुक साली, म्हणजे हिसानो त्या घरात नांदत असताना. दर बुधवारी उपस्थिती. हिसानोला बुधवार आठवले. दर बुधवारी दुपारी सासूबाई विणकामाच्या वर्गाला जायच्या. अकरा वर्षं गेल्या, आणि अकरा वर्षांत घरात एक हातमोजा आला नाही. हेच सुनेने केलं असतं तर त्यांनी तिला फाडून खाल्लं असतं. पण सासूला कोण विचारणार?

"हाडं कुणी आणून दिली?"

"स्मशानातला दाखला जोडलेला आहे. हाडं वाटून नेणारा, थोरला मुलगा. शिगेझो ओची."

शिगेझो! चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते हे ज्याला मरेपर्यंत कळलं नाही, त्याने स्मशानातून दाखला मिळवला, आईची मूठभर हाडं बायकोची नजर चुकवून इथवर आणली, आणि नंतर सव्वीस वर्षं वर्तमानपत्रामागे बसून राहिला. एवढं रोज सगळं सांगते मी त्याला, हिसानोच्या मनात आलं, आणि हा एक शब्द बोलला नाही.

"आणखी काही लिहिलंय?"

पास्टर वाचता वाचता थांबले. "आधीच्या पास्टरांनी कडेला टिपण केलंय." त्यांचे कान लाल झाले. "'श्रद्धेचं कारण विचारलं असता उत्तर: सासू.'"

हिसानोला दगडावरची सगळ्यांत वरची नावं आठवली. थोरली ओचीण, म्हणजे किकुएबाईंची सासू, हिसानो लग्न होऊन येण्याआधीच गेली होती. किकुएबाईंनी तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. का ते आता कळलं. आणि एवढा आटापिटा करून मिळालं काय, तर मूठभर सुटका. बाकीची किकुए तिकडे मंदिरामागे, त्याच बाईच्या मातीत मिसळून गेली होती. सत्तावीस वर्षं हिसानोने या बाईचा राग राग केला होता, आणि आत्ता, त्या एवढ्याशा बरणीपुढे, तो राग शोधूनही सापडेना. तिला फक्त सासूबाईंची दया येत होती.

"पास्टरसाहेब," ती म्हणाली, "ह्यांच्याही घरात देव्हारा होता. तोच. रोज ह्याच घंटा वाजवायच्या. मग ह्यांना कसं घेतलं?"

पास्टरांनी बराच वेळ वही चाळली. "आधीच्या पास्टरांनी... विचारलं नसावं."

"शहाणे होते."

नागाईंनी वही मिटली. वाऱ्याने दोन-तीन पांढऱ्या पाकळ्या आत आल्या, त्या त्यांनी वाकून उचलल्या आणि हातातच धरून ठेवल्या. "खालच्या फळीवर जागा आहे," ते हळूच म्हणाले. "अगदी त्या टोकाला. तुम्हाला तिथं बरं वाटेल का?"

त्यांनी देव्हाऱ्याचं नाव काढलं नाही, हे हिसानोच्या लक्षात आलं. ती उठली, रुमाल काढला आणि त्या लहान बरणीच्या झाकणावरची धूळ पुसायला लागली.

"नको. इथंच असू दे. मधे बरणी आहे, तेवढं पुरे." धूळ निघाली तरी ती पुसतच राहिली. "सासूबाई, एका शब्दानं बोलायचंत तरी. बुधवारी दोघी मिळून आलो असतो."